साठ चिंचोके

२ डिसेंबर, मंगळवार

साठ चेंडू. त्यांतले एकेचाळीस पूनमच्या ग्लोव्हमध्ये, अठरा भिंतीवर, एक मुख्याध्यापक मार्तंड सरांच्या मोटरसायकलवर.

चिंचोके मोजून साठच ठेवले आहेत. सरावाआधी सगळे माझ्या उजव्या खिशात. पुष्पांजलीनं एक चेंडू फेकला की एक चिंचोका डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की बस्स. मग दोन दिवस आराम. सतराव्या वर्षी कोपर कच्चं असतं, मोजलं नाही तर कायमचं जातं. मोबाईलवर तीनदा वाचलं. बेसबॉलमधलं मला नक्की कळतं ते एवढंच. मोजणं.

सर टाकीवरचा पोचा चाचपत म्हणाले, "मॅडम, पोरगी आधी राज्यात जाते का माझी गाडी भंगारात, ते बघू!"

३ डिसेंबर, बुधवार

आराम. मैदानावर कोणी नाही. तरी पाच वाजता जाऊन आले.

६ डिसेंबर, शनिवार

दुपारची बुलढाणा बस खिडकीखालून गेली. आई होती तोवर मी दर शनिवारी त्याच बसनं तिच्याकडं जायचे. आता कारण नाही. दहावी 'अ'च्या वह्या तपासल्या. घरमालकीण आशाबाईंनी जिन्यातूनच विचारलं, "गेल्या नाही का?" हे त्या गेले आठ महिने विचारतात. मी गेले आठ महिने "नाही" म्हणते. आठवड्यातलं आमचं बोलणं तेवढंच.

९ डिसेंबर, मंगळवार

मराठीची बाई पोरींना बेसबॉल शिकवते — धाड गावात लोकांना अजून हसू येतं. क्रीडाशिक्षकाची जागा चार वर्षं रिकामी आहे. जूनमध्ये सर म्हणाले होते, "तुम्हीच घ्या मॅडम. घरी वाट पाहणारं कोणी नाही, संध्याकाळी मोकळ्याच असता." वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. म्हणूनच लागलं.

नियमांचं पुस्तक आणलं. व्हिडिओ पाहिले. ऑगस्टमध्ये एका वानरानं पूनमचा डबा पळवला. अकरावीतली एक मुलगी, हीच पुष्पांजली, पायरीवरून उठली, खडा उचलला, डोक्यावरून हात एकदा गरकन फिरवला आणि सोडला. खडा डब्याला लागला. वानराला नाही. डबा पडला, वानर पळालं. मी विचारलं, "हे कुठं शिकलीस?" ती म्हणाली, "काय माहीत. लहानपणापासूनच."

ती गरकी काढायला दोन महिने गेले. पुस्तकात तशी काही नाही. "फिरवायचं नाही, फेकायचं!" — रोज पन्नास वेळा ओरडले. ती वर्गातसुद्धा पुटपुटायची. फिरवायचं नाही, फेकायचं. आता हात सरळ येतो. चेंडू पूनमच्या हातात फटाक्यासारखा वाजतो.

१३ डिसेंबर, शनिवार

भागवत शाळेत आला होता. पुष्पांजलीचा बाप. खुर्चीत बसला नाही. राज्य संघाची निवडचाचणी १८ जानेवारीला अमरावतीला आहे हे त्याला मीच कळवलं होतं.

"राज्यात लागली तं अमरावतीले शिकाले धाडतो. नाही लागली तं बारावी करीन अन् घरी. मी शब्द देला मॅडम."

तो गेल्यावर पुष्पांजली दारामागून बाहेर आली. ऐकत होती! "लागीन मी," एवढंच म्हणाली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

साठ. त्यांतले बावन्न ग्लोव्हमध्ये. पूनम हात झटकत म्हणाली, "मॅडम, माह्या हाताचे बी चिंचोके ठेवा ना!"

रात्रीचं जेवण चांगलं लागलं. एकटीनं खाल्लं तरी.

२७ डिसेंबर, शनिवार

पंचेचाळिसाव्या चेंडूनंतर तिनं कोपर झटकलं. मी पाहिलं नाही असं तिला वाटलं. तिथंच थांबवलं. पंधरा चिंचोके उजव्या खिशात राहिले. घरी येईपर्यंत मांडीला टोचत होते.

३० डिसेंबर, मंगळवार

"दुखतं का?"

"नाही जी."

"खरं सांग."

"थोडकसं. आतून."

"घरी फेकतेस का? सराव म्हणून?"

"नाही मॅडम. एक बी नाही."

"आरामाच्या दिवशी?"

"आईची आन. फेकत नाही."

डोळ्याला डोळा देऊन बोलली. खोटं बोलणारी मुलं मला वीस वर्षांत ओळखू येऊ लागली आहेत. ही खोटं बोलत नाही.

मग चूक माझी. नोव्हेंबरमध्ये तिला वळणारा चेंडू शिकवला — मोबाईलवर बघून! मनगट कसं धरायचं ते मला तरी कुठं माहीत.

साठचे चाळीस केले. आरामाचे दोन दिवस, ते तीन.

३ जानेवारी, शनिवार

चाळीस जमले नाहीत. अठ्ठावीसलाच तोंड पांढरं पडलं.

बस गेली. आशाबाईंनी आज विचारलंही नाही.

७ जानेवारी, बुधवार

वीस. त्यातही दुखलं. जितका आराम वाढवते तितकं दुखणं वाढतं. हे कुठल्याच व्हिडिओत नाही. विचारायला कोणी नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "हळद-तूप लावा."

अकरा दिवस उरले. उद्या तिच्या आरामाचा दिवस. शाळेआधी शेतावर जाऊन भागवतशी बोलते.

८ जानेवारी, गुरुवार

जीपवाल्यानं शेताकडं जाणाऱ्या पांदीशी सोडलं. साडेसात झाले होते. ज्वारी माझ्या डोक्याहून उंच. कणसं दुधात. वर पाखरांचा थवा, आणि "हाऽऽ हुर्रर्र!" असा आवाज. ओळखीचा.

मचाणावर पुष्पांजली. हात डोक्यावर. हातात गोफण. गरगर, गरगर — आणि दगड सुटला. थवा फाटला, पुढं जाऊन बसला. ती वाकली, दुसरा दगड. गरगर. पुन्हा. पुन्हा.

तीच गरकी. मी दोन महिने घालवून काढलेली.

खाली शेकोटीशी तिची आजी, झुंबरबाई. "या मॅडम! तुम्ही सुट्ट्या वाढवल्या, लई चांगलं केलं. नाही तं सरावाच्या दिशी पोरगी थकू नये म्हणून हिच्या बापालेच उभं राहा लागे. आता सुट्टी असली का पोरगी दिस उगवल्यापासून शाळेच्या टायमापर्यंत एकटीच सांभाळते. इतवारी तं दिवसभर."

पुष्पांजली उतरली. चेहऱ्यावर अपराधी भाव नाही. उलट आनंद — मॅडम शेतावर आल्या!

"तू शपथ घेतलीस."

"हो ना मॅडम."

"फेकत नाही म्हणालीस."

"मंग? फेकून कुठं राह्यली मी? हे तं फिरवणं हाय." मग जरा थांबून, धड्यातलं वाक्य म्हणावं तसं: "तुम्हीच सांगतलं. फिरवणं वेगळं, फेकणं वेगळं."

मचाणाखाली दगडांचं टोपलं होतं. बसून मोजले. एका टोपल्यात दोनशे चौदा. "सकाळची अशी किती?"

"दोन. कधी तीन. पाखरं काय मोजून येते का, मॅडम?"

दाणा भरायला लागला वीस डिसेंबरच्या सुमारास. दुखणं सुरू झालं सत्तावीसला. मी तिला आराम देत होते आणि आराम म्हणजे सहाशे दगड.

वीस वर्षं मी पोरांना क्रियापदं शिकवते.

१० जानेवारी, शनिवार

दुपारची बस. खिडकीजवळ पुष्पांजली, मध्ये मी, कडेला भागवत. आशाबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या.

डॉक्टरांनी कोपर दाबलं, वळवलं, फोटो काढला. आतला बंध ताणलाय. तुटला नाही. सहा आठवडे हात झोळीत. फेकायचं नाही.

मी म्हणाले, "फिरवायचंही नाही, असं तिला सांगा. स्पष्ट. शब्द वापरून."

डॉक्टर तिला म्हणाले, "फिरवायचंही नाही."

भागवत: "अन् अठरा तारीख?"

डॉक्टर: "तारीख कॅलेंडरची आहे. कोपर हिचं आहे. आत्ता थांबली तर बरी होईल. तिथं जाऊन जोर लावला तर मी शब्द देत नाही."

परतीची बस. आईच्या घराची गल्ली मागं गेली. वळून पाहायचं राहिलं.

१२ जानेवारी, सोमवार

आज नावं पाठवायची होती. पिचर म्हणून शाळेचं एकच नाव.

मधल्या सुट्टीत ती आली. झोळी काढून. हात शरीराशी धरलेला.

"दुखत नाही मॅडम."

"पुष्पांजली."

"तिथं कोणाले काय माहीत? तुम्ही फक्त बोलू नका. दहा चेंडू तं फेकाचे हायेत. दहा! पुढं तुटला तं तुटला. अमरावतीले तं जाईन ना."

दहा फेकून ती कदाचित लागलीही असती. हे मी इथं लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. पेन हातात होतं. बराच वेळ होतं.

नाव खोडलं.

ती रडली नाही. म्हणाली, "तुमचं काय जाते? तुम्ही बुलढाण्याच्या. माह्या घरी येऊन एकदा बी पाह्यलं नाही, जोवर मोडलं नाही तोवर."

खरं होतं.

मग तिनं डावा हात पुढं केला. "ते द्या."

"काय?"

"चिंचोके. साठ. माहे हायेत ते."

दिले. तिथंच मोजून घेतले तिनं, टेबलावर, दहा-दहाचे सहा ढीग करून. मग ओढणीत बांधले आणि गेली.

१३ जानेवारी, मंगळवार

शाळेत आली नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आशाबाईंनी वाटीभर तिळगूळ जिन्यावर ठेवला होता. वाटी धुऊन तिथंच ठेवली. खिसे हलके वाटतात. मूर्खपणा आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

आली. शेवटच्या बाकावर. झोळीत हात. तासभर मी शिकवत होते आणि ती खिडकीबाहेर मैदानाकडे बघत होती. हजेरीला "हजर" म्हणाली.

१८ जानेवारी, रविवार

बाकीच्या मुलींना घेऊन मार्तंड सर अमरावतीला गेले. मीच म्हणाले, तुम्ही जा.

सकाळी सातला शेतावर. का गेले, ठाऊक नाही. मचाणावर झुंबरबाई! सत्तरीच्या वर वय. पत्र्याचा डबा बडवत होत्या, घसा बसला होता, पाखरं दहा हातांवर निवांत खात होती. भागवत कालपासून तापानं पडलेला.

मी वर चढले. काय बोलायचं होतं ते विसरले. "द्या," म्हणाले.

त्यांनी गोफण कशी धरायची ते दाखवलं. एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत. फिरवली. सोडली. दगड मागं गेला, शेकोटीवरच्या चहाच्या भांड्याला लागला.

झुंबरबाई हसून हसून खालीच बसल्या. "मॅडम! पाखरं इकडं हायेत, च्या तिकडं!"

शेताच्या टोकाला घर आहे. दार उघडं होतं. दारात कोणीतरी उभं होतं. बाहेर आलं नाही.

संध्याकाळी पूनमचा फोन. कॅचर म्हणून राखीव यादीत नाव लागलं. म्हणाली, "मॅडम, पुष्पाले सांगू का नको?"

"सांग," म्हणाले.

२१ जानेवारी, बुधवार

रोज जाते. साडेसहा ते नऊ. मग जीपनं थेट शाळा. सरांनी माझ्या चपलांवरची माती पाहिली, विचारलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

कोपर दुखतं. माझं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाआधी शेतावर. झुंबरबाई सांगत होत्या — भागवत म्हणे, शब्द वरसभर टिकते, पुढल्या खेपेले पाहू. "पोरीला सांगितलं का त्यानं?" मी विचारलं. "मीच सांगतलं. ती म्हणे, मॅडमले फिरवता येत नाही."

"असं म्हणाली?"

"म्हणे, मनगटातून करून राह्यल्या. मनगटातून नाही कराचं."

२८ जानेवारी, बुधवार

मनगट मोकळं सोडून पाहिलं. दगड बांधाच्या पलीकडे गेला! ओरडले. ऐकायला पाखरंच होती.

१ फेब्रुवारी, रविवार

मचाणावर मी. खाली पुष्पांजली — झोळी गळ्यात, डावा हात ओढणीच्या गाठीत. मी दगड सोडला की ती एक चिंचोका टोपल्यात टाकते. टक. टक.

मग म्हणाली, "साठ. उतरा मॅडम. उद्या आराम."