केळीच्या बाटल्या, हिरवा चुडा

५ जानेवारी
लग्नाची सुट्टी संपली. भिसेगावच्या नाक्यावर आमच्या टिश्यू कल्चर लॅबचा टेंपो वेळेवर, मीच धावतपळत. कुंभिवलीला उतरेपर्यंत सगळ्या मुलींनी चुडा बघून घेतला. गेटवरच मॅडम : "अभिनंदन. ट्रान्स्फर रूममध्ये हे चालणार नाही."
मला काय सांगता! नव्या मुलींना मीच दम देते, बांगडी नाही, मेंदी नाही. कोपरापर्यंत हात स्पिरिटने पुसायचे, ज्योतीपुढे बसायचं, केळीचा कोंब चिमट्याने बाटलीतून काढून कापायचा आणि नव्या बाटलीत लावायचा. बुरशीचा कण आत गेला की बाटली गेली.
पण कासाराने घट्ट भरलेला चुडा. निघतोय कुठे. आज नुसती लेबलं चिकटवली.

६ जाने.
घरी विषय काढला. आई (म्हणजे सासूबाई. अजून जीभ वळत नाही) भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. "वरीसभर उतरायचा नाय गं. या घरात एकदा उतरवून झालाय."
जाऊबाई ताटं उचलून मागे गेल्या. त्यांचा हात मोडला तेव्हा दवाखान्यात चुडा कापून वाढवावा लागला होता, आणि त्याच महिन्यात मोठ्या दिरांचा टेंपो घाटात...
नितीन माल घेऊन तोच घाट चढतो. त्याला विचारलं तर म्हणे, "तुला काय वाटतं ते बघ." झालं. नवऱ्याने अंग काढून घेतलं.

८ जाने.
डोकं चालवलं. बांगड्या जातील तेवढ्या वर सरकवल्या, त्यावर चिकटपट्टी, त्यावर गाऊनची बाही. मॅडमना पत्ता नाही. हात ठणकत होता, पण स्वतःच्या खुर्चीत बसल्यावर जीवात जीव आला. तिथे कोणी हाक मारत नाही, कोणी नाव घ्यायला लावत नाही.

१३ जाने.
पांढरा कापूस, म्हणजे बुरशी. रॅकवर माझं 'सु' लिहिलेल्या बाटल्यांमध्येच. शेजारच्या मुलीच्या बाटल्या स्वच्छ.
मॅडम ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. माझी बाही वर केली, पट्टी पाहिली, म्हणाल्या, "तू?" एवढंच. आता बाटल्या धुवायला. महिनाअखेर हात मोकळा झाला तर खुर्ची माझी, नाहीतर नव्या मुलीची, कायमची.
शहाणी ना मी मोठी.

१४ जाने.
पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, गळ्यापासून डोक्यापर्यंत साखर. हळदीकुंकवाला अख्खी आळी. आईंनी हौसेने कासारीण बोलावली आणि दोन्ही हातांत आणखी भरल्या. "शोभतंय गं माझ्या सुनेला." डोळ्यांत पाणी त्यांच्या. रागावू तरी कशी?
तिळगूळ सगळा जाऊबाईंनी केला. बाहेर आल्या नाहीत. त्यांना कोणी बोलावलंही नाही, मीसुद्धा.

२२ जाने.
धुणं, उकळणं, पालथं घालणं. काचेपलीकडे माझ्या खुर्चीत नवी मुलगी. चिमटा लेखणीसारखा धरते.
रॅकवरचे कोंब काचेतून सगळं बघतात, बाहेर पडता येत नाही. त्यांना निदान शेडनेटखाली मातीत जायची तारीख असते.
घरी आल्यावर आई विचारतात, "आज कसं झालं काम?" मी म्हणते, छान.

२७ जाने.
जाऊबाई मागच्या दारी भांडी घासत होत्या. मला जवळ बोलावलं. पातळ प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात चढवली, वरून साबण, अंगठा आत दाबला. एक बांगडी सरकन बाहेर. लगेच परत घातली.
"सकाळी काढ, संध्याकाळी घाल. आईस्नी कळायचं नाय."
मी म्हटलं, तुम्हाला भीती नाही वाटत?
"माज्या बांगड्यांनी टेंपो नाय पाडला." आणि परत भांडी घासायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणापुढे बोलता आलं नसेल.
पिशवी पर्समध्ये ठेवली आहे.

३० जाने.
आज खुर्चीत बसले! लॅबच्या बाथरूममध्ये साबण, पिशवी, एकेक करून सगळ्या निघाल्या. मॅडमनी मनगटं उलटसुलट करून पाहिली आणि चिमटा दिला. हात काही विसरला नव्हता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी सगळ्या जगाला माफ करून टाकलं होतं.
घाट चढला की नितीनचा फोन येतो. चहापर्यंत आला नाही. लावला तर बंद. घाटात रेंज नसते, हे काय मला माहीत नाही? परत लावला. बंद.
तिसऱ्यांदा लावणार होते. लावला नाही. बाथरूममध्ये गेले, हाताला साबण चोळला आणि सगळ्या बांगड्या चढवल्या. घाईत मनगट सोललं. मग लावला.
टेंपोत बसून लिहितेय. फोन अजून बंदच. आईंना काही कळणार नाही, चुडा हातात आहे. पण दार जाऊबाईच उघडतील, सोललेलं मनगट बघतील आणि विचारतील, जमलं का गं?