तेलाच्या जहाजाची मालकीण

बारक्या,

तुला आणि तुझ्या बायकोला आशीर्वाद. माझी तब्येत तू विचारायच्या आधीच सांगते, ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे ते मात्र कळव. (बायकोला सांगायला लावू नकोस. ती गुडघ्यापासून सुरू करते आणि तुझ्या घोरण्यापर्यंत पोचते.)

आमच्या चिरंजीवांनी तुला फोन करून सांगितलंच असेल, की म्हातारीचं डोकं फिरलं, शिलाईची दोन्ही मशीनं विकली आणि पैसे तेलाच्या जहाजांत बुडवले. बुडवले हा त्याचा शब्द. जहाजं तरंगताहेत, मी रोज विचारते. तू जन्मभर बँकेत बसलास म्हणून तुला नीट सांगते. त्याला सांगण्यात अर्थ नाही, ऐकताना तो फोन बघतो.

आपली भिंगरी त्याच जहाजांच्या कंपनीच्या टँकरवर इंजिनिअर आहे, हे तुला ठाऊक आहे. (लहानपणी माझं मशीन खोलून बसायची आणि वर मलाच विचारायची, 'आजी, हा स्क्रू उरला, कुठला गं?') ती घरी यायची होती. मग म्हणे बंदर बंद आहे, मग म्हणे बदली माणूस मिळत नाही, मग नुसतंच 'बघू'. मी कंपनीत फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग गाणं लागलं, मग एक मुलगी आली आणि म्हणाली, 'आजी, तुमचा कंपनीशी काय संबंध?' नातीला जहाजावर डांबून ठेवायचं आणि वर मलाच संबंध विचारायचा! तेवढ्यात पँट आखूड करून घ्यायला आलेला शेअरदलाल म्हणाला, शेअर घेतले की तुम्ही मालक, वर्षाच्या सभेत जाऊन काय हवं ते विचारा. मला पटलं. दुकानात मी ज्याचं कापड त्याचं ऐकत आले, मग तो रेड्याला झबलं शिवा का म्हणेना. तेव्हा कंपनीला कापड मी दिलं तर कंपनी माझं ऐकेल, असा माझा हिशेब. मशीनं गेली ती यापायी. (घरात मी सांगितलंय की डोळ्यांना दोरा दिसत नाही म्हणून विकली. तूही तेच सांग.)

आणि शेअर चढायला लागले की रे! रोज सकाळी चिरंजीव अर्धी दाढी तशीच सोडून ओरडत यायचा, 'आई, चढला!' डोकं फिरलेल्या बाईला हातात चहा मिळायला लागला. मीही मान ताठ करून फिरले. मग एकदा विचारलं, चढतो तरी कशानं? तर म्हणाला, 'अगं, समुद्रात गडबड आहे. जवळची वाट धोक्याची झालीय, जहाजं लांबचा वळसा घालून जातात, मग जहाजं कमी पडतात आणि भाडं वाढतं. झकास!' म्हणजे पोरीच्या वाटेत धोका, घरी यायला उशीर, आणि माझी चांदी. कप असा आपटला की कान हातात आला (कपाचा). तेव्हापासून भाव पडला की मी पेपरवाल्याशीसुद्धा गोड बोलते आणि चढला की ताट सरकवते. सून म्हणते, सासूबाई, असा शेअर घेणारं माणूस जगात दुसरं नसेल.

शेवटी सभा आली. मोठा हॉल, खुर्च्यांना परकर घातलेले. एका आजोबांनी नफ्याबद्दल विचारलं. दुसऱ्यांनी दरवर्षी बिस्किटं लहान होताहेत त्याबद्दल विचारलं. मग माझ्यापुढे माइक आला. मी अध्यक्षाला म्हटलं, 'बाळा, माझ्या नातीला कधी सोडतोस?' तो म्हणाला, 'आजी, कर्मचाऱ्यांचा विषय आज चर्चेला नाही.' मी म्हटलं, 'मग जहाज काय चर्चेवर चालतं?' टाळ्या पडल्या. बिस्किटवाले आजोबा तर उभेच राहिले. अध्यक्ष पाणी प्यायला लागला तेव्हा दिसलं, त्याच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे. तेही सांगितलं. माइक चालू होता.

त्याने चौकशी लावली असणार, कारण लगेच भिंगरीचा फोन. कशी आहेस वगैरे काही नाही. 'आजी, काय करून ठेवलंस तू? कॅप्टनने सगळ्यांसमोर विचारलं, मालकीणबाईंची नात कोण? काल पंप खोलायला गेले तर म्हणतात, राहू द्या मॅडम, हात काळे होतील!' मग कळलं, तिला कोणी डांबलेलं नव्हतंच. वरच्या परीक्षेला बसायला समुद्रावरचे आणखी महिने लागतात, म्हणून तिनेच मुदत वाढवून मागितली होती. बंदर, बदली माणूस, सगळ्या थापा. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणे, 'तू रडशील म्हणून.' मी! नवरा गेला त्या आठवड्यातही गिऱ्हाइकाचे कपडे वेळेवर दिलेली बाई मी, आणि ही म्हणते रडशील. फोन ठेवून दिला. (डोळ्यांचं म्हणशील तर ते दोऱ्याचं दुखणं आहे, वर लिहिलंय.)

तर आता हे शेअर मला नकोत. दलालाला सांगून सगळे विकून टाक. पोर त्या पाण्यात असताना पाणी खवळलं म्हणून मिळणारा पैसा माझ्या घशाखाली उतरत नाही. तिची वाट बघत बसायची मला हौस नाही, यायचं तेव्हा येईल. तू गुडघ्याला शेक घे आणि बायकोचं ऐकत जा, निदान ऐकल्यासारखं कर.

तुझी
अक्का

ता. क. तिचा परत फोन आला होता. महिने भरत आले, पुढच्या बंदरात उतरते म्हणाली. तिला मिळालेले बॉयलरसूट, म्हणजे कामाचे अंगभर कपडे, पुरुषांच्या मापाचे, बाह्या यंत्रात अडकतील इतक्या लांब. 'दुसऱ्या कुणाला देणार नाही, तूच कमी करून दे,' म्हणाली. तेव्हा शेअरच्या पैशांतून माझं एक मशीन परत आण. जुनं, काळं. दलालाच्या बायकोने घेतलंय. तिला कुठे चालवता येतंय, वर फुलदाणी ठेवलीय म्हणे.

आणखी एक. सगळे विकू नकोस, एक शेअर ठेव. परीक्षा पास झाली की तिला बढती कधी देता, ते मला सभेत विचारायचंय. (तिच्याजवळ बोललास तर याद राख.) आणि एक तुझ्याही नावावर घे. माझ्या बाजूचं कुणीतरी हवं तिथे. गुडघ्याची सबब सांगू नकोस, हात वर करायला गुडघा लागत नाही.