खालच्या मजल्यावरचं घर्षण

४ जून
लेक आज पुन्हा खाली गेली. सुताराकडे! काखेत फिजिक्सचं पुस्तक. बाप अठरा वर्षं बारावीला फिजिक्स शिकवतोय, आणि ही बारावीतली पोर घर्षण शिकायला तळमजल्यावर जाते. म्हटलं, "माझ्याजवळ बस की." तर म्हणे, "नको बाबा, तुम्ही चिडता."
चिडतो? मी?

५ जून
चिडतो.

८ जून
जिन्यातून डोकावलो. सुतार दोरी तिरकी धरून लाकडी पेटी ओढतोय, लेक टेपने अंतर मोजतेय. दोघं खदाखदा हसताहेत! माझ्या वर्गात घर्षणाला कुणी हसल्याचं आठवत नाही.
बायकोला सांगितलं. ही शर्टाचं बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "पोटात दुखतंय म्हणा की सरळ."
पोटात कुठलं — सर्वांगात!

१३ जून
सापडला!! लेकीच्या पुस्तकातून एक कागद पडला. वीस किलोची पेटी, घर्षण गुणांक ०.३, दोरी तीस अंशांनी वर, एकसारख्या वेगाने पाच मीटर ओढली. घर्षणाविरुद्ध झालेलं कार्य — ३०० ज्यूल.
साफ चूक! दोरी वर ओढते, म्हणजे पेटीचा थोडा भार तीच उचलते. जमिनीवरचा दाब घटतो, घर्षण घटतं. उत्तर २५६ च्या आसपास. पूर्ण वजन धरून मोकळा झाला पठ्ठ्या! अक्षर लेकीचं नाहीच, जाड पेन्सिलीतलं गिचमिड. म्हणजे हा तिला चुकीचं शिकवतोय.
किती बरं वाटलं! लाज वाटावी इतकं. उद्या कागद घेऊन खाली जातो.

१४ जून
गेलो. दार उघडंच. जमिनीवर भुसा, त्यातच दोघं मांडी घालून. मी कागद नाचवला — "हे असलं शिकवता माझ्या मुलीला?"
सुतार उठून उभा राहिला. कानावर पेन्सिल, मान खाली. "सर, चूक माझी. ताईंनी तीनदा सांगितलं, डोक्यात शिरत नाही. या वयात बारावीला बसतोय... लोक हसतील म्हणून मीच म्हटलं, कुणाला सांगू नका."
ताई! माझी सतरा वर्षांची पोर.
तिने माझ्या हातातून कागद काढून घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला म्हणाली, "बसा. परत करू. दोरीने पेटी जराशी उचलली, तर जमिनीला काय कळेल?"
आणि थांबली. तो विचार करत राहिला. ती थांबूनच. तेवढ्यात मी दोनदा उत्तर ओरडलो असतो.
बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "तिला... हलकं वाटेल?"

१५ जून
सुताराचा हेवा गेला. आता लेकीचा वाटतोय.