हँडलला बांधलेलं दार

हामामात्सु,
५ जुलै

प्रिय नोबुयुकी भाऊजींना,
फुसाएवहिनीचा नमस्कार.

अंगणातली हायड्रेंजियाची फुलं पार तपकिरी पडली आहेत आणि मी ती अजून कापलेली नाहीत, यावरून माझं कसं चाललं आहे ते तुम्ही ताडालच. (तब्येत उत्तम. वेळ नाही.) तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? तुमच्या मिचिएने पाठवलेलं आल्याचं लोणचं पोचलं आणि तीन दिवसांत संपलं. बरणी धुऊन ठेवली आहे. दुसऱ्याची बरणी रिकामी परत करू नये अशी आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ओदिलची शिकवण असल्यामुळे ती भरायला काही सापडेपर्यंत माझ्याकडेच राहील, तिला तसं सांगा.

आता मुद्दा. तुमच्या दादांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तुम्ही भरल्या ताटावरून, सगळ्यांच्या देखत, जो निकाल दिलात तो मी विसरलेले नाही. "वहिनी, दादा गेले, आता ती मोटरसायकल ठेवून काय करणार? साठच्या वर गेली की हँडल थरथरतं, दादांनासुद्धा आवरायचं नाही. आणि तुमचं वय सत्तर." मी तेव्हाच म्हटलं होतं की एकोणसत्तर. ते कुणी ऐकलं नाही. शेवटी असं ठरलं, की पितरं घरी येतात त्या पहिल्या बॉनच्या आत हँडलची थरथर गेली, आणि बारा जुलैला तुम्ही स्वतः नदीच्या बांधावरून गाडी चालवून तशी खात्री करून घेतलीत, तर गाडी माझी. नाहीतर ती तुमच्या तोयोहाशीच्या ओळखीच्या माणसाला द्यायची. ठीक. मी शब्दाची पक्की आहे. पण त्या माणसाला तुम्ही बारा तारखेला रिकामा टेम्पो घेऊन यायला आत्ताच सांगून ठेवलं आहे, हे मला मिचिएकडून कळलं. (तिला रागावू नका. मी खोदून विचारलं.) रिकामा टेम्पो, भाऊजी! रोगी उठून बसलेला असताना दारात लाकडं आणून टाकण्यातलाच हा प्रकार.

गाडी मला कशाला हवी, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, म्हणून सांगते. तेरा तारखेला तुमच्या दादांना टेकडीवरच्या देवळातून, त्यांच्या थडग्यापासून, घरी आणायचं आहे. पहिलंच वर्ष आहे. बाकीचे लोक कंदील पेटवून चालत जातात, आणि काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करून ठेवतात, की घ्या, यावर बसून लवकर या. परत पाठवताना वांग्याची गाय, म्हणजे रमतगमत जावं. मी काकडी आणली आहे, पाय लावले आहेत, कुणी नावं ठेवायला नकोत. पण ज्या माणसाने सतरा वर्षांचा असल्यापासून दोन चाकांखेरीज कशावर टेकून प्रवास केला नाही, त्याने शेवटी भाजीवर बसून यायचं? चाळीस वर्षं रविवारच्या रविवार मी त्यांच्या मागे बसून समुद्रापर्यंत गेले. परवाना माझ्याकडेही बाविसाव्या वर्षापासून आहे, पण पुढे बसायची पाळी कधी आली नाही. आता एकदा त्यांनी माझ्या मागे बसावं, एवढंच.

तर थरथर. ताकाबायाशी मिस्त्रींनी हँडलचं बेअरिंग बदललं, पुढचा टायर बदलला, चाकाचा तोल पाहिला. तरी साठला काटा टेकला की हँडल डावीउजवीकडे मान हलवायला लागतं, मघाशी हो म्हणालेल्या माणसाने अचानक नाही नाही म्हणावं तसं. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "बाई, आता राहिलं ते गाडीचं वय. म्हातारपणी हात थरथरायचेच." मी माझा हात त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, "हा थरथरतोय का?" ते म्हणाले, "तो उगारलेला आहे म्हणून स्थिर आहे." (या माणसाच्या दुकानात गिऱ्हाईक का येत नाही याचं कोडं त्याला पडलेलं आहे.) मग मात्र त्यांनी नीट समजावलं. शर्यतीच्या गाड्यांना एक दांडा असतो. त्याचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला, दुसरं हँडलखालच्या पुढच्या नळीला. आत तेल. हँडल शांतपणे वळवलं तर तो वाट देतो, झटका दिला तर अडवतो. मी ऐकतच राहिले. शांत बोलणाऱ्याला वाट आणि झटका देणाऱ्याला अडवणं, हेच काम मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर छत्तीस वर्षं केलं, आणि तेही आत तेल नसताना. दांड्याची किंमत ऐकल्यावर मात्र मी उठले. एवढ्या पैशात त्यांच्या श्राद्धाला सगळ्या गल्लीला ईल मासे खाऊ घालता येतील.

घरी आले, मागच्या दाराने आत शिरले, आणि दार माझ्या मागे हळूच, सावकाश, एकही शब्द न बोलता मिटलं. मी तिथेच उभी राहिले. दार हळू मिटवणारी ती नळी तुम्हाला आठवते का? तुमच्या दादांना दार आपटायची सवय होती. मोटरसायकलच्या शेडमध्ये जाताना एकदा, येताना एकदा, एकतीस वर्षं. आमच्या शाळेत दाराचा आवाज झाला तर सिस्टर ओदिल तेच दार वीस वेळा मिटायला लावायच्या, त्यामुळे प्रत्येक आपटण्याला माझी मान आपोआप ताठ व्हायची. मी बोलायची, ते "हो हो" म्हणायचे, आणि दार आपटून जायचे. निवृत्त झाल्यावर एक दिवस त्यांनी पितळी रंगाची नळी आणून दाराला बसवली. "घे, तुझ्या सिस्टरला आता स्वर्गात झोप लागेल." पाकिटात नळ्या दोन होत्या. दुसरी त्यांनी गल्लीच्या सभागृहातल्या स्वयंपाकघराच्या दाराला बसवून दिली. तेव्हापासून आमचं घर शांत. इतकं शांत, की नोव्हेंबरातल्या त्या सकाळी ते शेडमध्ये कधी गेले ते मला कळलंच नाही. मी त्यांचं सूप दोनदा गरम केलं, मग शेडमध्ये बघायला गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

असो. नळी तीच, काम तेच. मी ती दारावरून उतरवली. एक टोक गाडीच्या सांगाड्याला, दुसरं हँडलखालच्या नळीला, दोन्हीकडे पाण्याच्या पाइपाला आवळतात त्या पट्ट्या (खात्याने एवढं तरी शिकवलं), खाली जुन्या ट्यूबचा रबर. पहिल्यांदा इतकी आखूड बांधली की हँडल पुरतं वळेचना आणि मी आमच्या गल्लीतून तोंड न वळवता थेट शेजारच्या हिरामात्सुबाईंच्या कोबीत गेले. जागा बदलली. मग हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरतं की नाही ते उभ्या गाडीवर पन्नास वेळा तपासलं आणि बाहेर काढली. तेव्हा मला उमगलं, की दाराची नळी फक्त दार मिटताना अडवते, उघडताना अडवत नाही. शिवाय तिच्या आतली स्प्रिंग सतत एकाच बाजूला ओढत असते. म्हणजे माझ्या हँडलची उजवी बाजू वांग्याची गाय झाली आणि डावी बाजू काकडीचा घोडा. डावीकडे वळायचा नुसता विचार केला की गाडी वळलेली असायची. मी तोफूच्या दुकानाला तीन प्रदक्षिणा घातल्या. दुकानदार तिसऱ्या वेळी दारात येऊन म्हणाला, "बाई, काय हवं ते तिथूनच सांगा, मी फेकतो."

उपाय उघड होता. तशीच दुसरी नळी, उलट्या बाजूने. एकीने उजवीकडे अडवायचं, दुसरीने डावीकडे, म्हणजे दोघींची ओढ मधे येऊन फिटते. (लग्न यापेक्षा वेगळं नसतं.) आणि तशीच, तितकीच वापरलेली नळी साऱ्या शहरात एकच होती. यंदा आमच्या अकरा घरांचं गटप्रमुखपण माझ्याकडे असल्यामुळे सभागृहाची किल्लीही माझ्याकडे आहे. ती नळी तुमच्या दादांनी स्वतःच्या पाकिटातली दिलेली, स्वतःच्या हातांनी बसवलेली. मी चोरी केली असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने वारसाहक्काचा कायदा आधी वाचावा.

दुसऱ्याच दिवशी सभागृहात बॉनच्या तयारीची बैठक होती. हिरामात्सुबाई उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगांची परात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दार त्यांच्या मागे असं आपटलं, की परात हातात राहिली आणि शेंगा ढोल वाजवणाऱ्यांच्या अंगावर. मग कोपऱ्यातून म्हातारे इचिनोसे तुमच्या दादांचं नाव घेऊन म्हणाले, "योशिहारु आला वाटतं. अरे, अजून पंधरा दिवस आहेत की!" सगळी सभा हसली. मी हसले नाही. गटप्रमुखाने बैठकीत हसू नये.

बाई मात्र सोडतील तर शपथ. "नळी कुणी नेली? फिरत्या पाटीवर सूचना काढा!" आता घरोघर फिरणाऱ्या पाटीवर सूचना लिहिणं हे गटप्रमुखाचं काम. तेव्हा मीच लिहिली: 'सभागृहाच्या दाराची नळी ज्याने नेली असेल त्याने ती बॉनच्या आत निमूटपणे जागेवर लावावी. ही गोष्ट आपल्या गल्लीला शोभणारी नाही.' अक्षर फार सुरेख आलं आहे. वाचल्याची खूण म्हणून पहिला शिक्का माझाच आहे. पाटी काल नवव्या घरी पोचली.

आणि आज सकाळी सहा वाजता, बांध मोकळा असताना, मी गाडी साठवर नेली. मग पासष्टवर. भाऊजी, हँडल हललं नाही. जपमाळ धरलेल्या हातांसारखं स्थिर होतं. ताकाबायाशी मिस्त्री मागून आपल्या स्कूटरवर होते. त्यांनी उतरून खाली वाकून दोन्ही नळ्या पाहिल्या, पट्ट्या ओढून पाहिल्या. मग म्हणाले, "हे मी केलं असं कुणाला सांगू नका." मी म्हटलं, "सांगणार होते की तुम्हाला जमलं नाही." तेव्हा तुम्ही बाराला या, बांधावरून चालवून पाहा, आणि तुमच्या माणसाला कळवा की टेम्पो रिकामा आणला तर रिकामाच न्यावा लागेल. गुडघ्याला जपा. सिस्टर ओदिल असत्या तर त्यांनी तुम्हा दोघांसाठी प्रार्थना केली असती. मी फक्त पत्र लिहू शकते.

तुमची,
फुसाएवहिनी

ता. क. येताना तुमच्या गावच्या दुकानातून दाराच्या नळ्या घेऊन या. पितळी रंगाच्या, वीतभर लांब, पाकिटात दोन येतात. एक सभागृहाला, एक आमच्या मागच्या दाराला. इथे घेता येत नाहीत, कारण इथलं दुकान हिरामात्सुबाईंच्या जावयाचं आहे. पाकीट मिठाईच्या कागदात गुंडाळा. बाई खिडकीतच असतात. हे पत्र खरं तर त्यासाठीच होतं.

ता. क. दुसरं. मिस्त्री म्हणतात पट्ट्या दर आठवड्याला आवळायच्या. तुम्ही चालवण्याआधी मी आवळून ठेवीन. बोलू नका यावर.

ता. क. तिसरं. पत्राचं पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. नळ्या दोन आणल्यात तरी एकच लावायची, सभागृहाची. आमचं मागचं दार सोळा तारखेला त्यांना परत पाठवेपर्यंत आहे तसंच राहू दे. आत्ता वारा आला, दार आपटलं, आणि मी स्वयंपाकघरातून सवयीने ओरडले, "हळू!" देवळापासून घरापर्यंत मी त्यांना नीट आणीन, त्याची काळजी नाही. पण घरात आले की नाही, ते मला ऐकू यायला हवं.