वरवंट्याची सीट

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. घरात एक महत्त्वाचा निर्णय व्हायचा आहे आणि तो शांत डोक्याने घेईल असं माणूस मला तरी घरात एकच दिसतं.

प्रश्न असा. सून काजल पुढच्या महिन्यात बाळंत होईल. नात रेवा अडीच वर्षांची आहे. दोघांसाठी मिळून दोन सीटची बाबागाडी लागेल का?

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऑरेलिया सांगायच्या, आधी दोन्ही बाजू ऐका, मग मत बनवा. मी अजून मत बनवलेलं नाही. मोबाइलवर फक्त बघते आहे. राखाडी रंगाची छान आहे.

ह्यांना विचारलं. (हे साखर कारखान्यातून रिटायर झाले, सोफ्यातून अजून व्हायचे आहेत.) म्हणाले, नवनीतला आपण गोणपाटावर वाढवलं. साफ खोटं. गोधडी होती.

मुलाला, नवनीतला, सुरतला नोकरी लागली आहे. भाड्याने फ्लॅटही घेतला आहे. सव्वा महिना झाला की काजल आणि मुलं तिकडे जाणार, असं घरात सगळे बोलतात. मी कुणाला खोडत नाही. पण शहाद्यात मोकळी हवा आहे, संध्याकाळी फिरायला रस्ता आहे. एकदा दोन पोरांची गाडी दारात लागली आणि फिरायची सवय झाली, की माणसं आपोआप राहतात.

अर्थात गाडीचा आणि याचा काही संबंध नाही. गाडीचा विचार मी स्वतंत्रपणे करते आहे.

१४ नोव्हेंबर

लहानपणी नाशिकला आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी एका डॉक्टरांची जुळी मुलं गाडीतून जायची. पांढरी झालर, मोठी चाकं, ढकलणारी आया काळी छत्री घेऊन. मी आणि माझी मैत्रीण फिलोमिना भिंतीवर चढून बघायचो. एकदा तरी ती गाडी ढकलायला मिळू दे, अशी मी चॅपेलमध्ये प्रार्थना करत असे. प्रार्थना मराठीत केली, म्हणून उशीर झाला असेल.

काजलला सहज विचारलं. म्हणाली, आई, एक कडेवर आणि एक हाताला धरून. दोनच तर आहेत. तरुण मुलींना दूरचं दिसत नाही.

शेजारच्या धनकंवर (किराणावाल्या मांगीलालशेठच्या मिसेस) म्हणाल्या, बहनजी, जन्माआधी बच्चेका कुछ लाना नहीं. मी हसून सोडून दिलं. मी असल्या गोष्टी मानत नाही.

दुपारी ऑर्डर केली. ऑर्डर म्हणजे निर्णय नव्हे. आवडली नाही तर परत पाठवता येते, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गाडी आली. अप्रतिम. दोन सीट शेजारी शेजारी, दोन टप, खाली सामानाची जाळी. घेताना मी मुद्दाम फाटक मोजलं होतं. आत सहज आली.

घराच्या दारातून जात नाही.

हे सोफ्यावरून ओरडले, "दार मोजं व्हतं का?" ज्या माणसाने तीस वर्षं उसाच्या ट्रका मोजल्या, त्याने एक दार मोजून द्यायला हरकत नव्हती.

गाडी ओट्यावर राहील. उलट बरंच. हवा लागते. लोकांना दिसते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी

ट्रायल. रेवाला डावीकडे बसवलं. उजवी सीट मोकळी. ढकलणार तोच भिकुबाई झाडू टाकून धावली. (भिकुबाई रेवाला न्हाऊ घालते, पुढे बाळबाळंतिणीचंही तीच करणार.) "रिकामा पाळना हालाडू नही माय. पोरना पोटमा दुखस." मी म्हटलं, हा पाळणा नाही, गाडी आहे. शिवाय अर्धी भरलेली आहे. भिकुबाई म्हणाली, मग अर्धं पोट दुखेल.

मी मानत नाही. पण नवीन गाडीची वजन घालून तपासणी करणं शास्त्रशुद्ध आहे. म्हणून स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि उजव्या सीटवर ठेवला. वजनाला साधारण नवजात बाळाइतका भरतो. थंड दगडाने कापड खराब होऊ नये म्हणून त्याला दुपट्यात गुंडाळला. घरंगळू नये म्हणून पट्टा लावला. डोक्याचा भाग कुठला ते कळावं म्हणून टोपडं घातलं.

अंगणात दोन चकरा. गाडी लोण्यासारखी चालते.

फाटकापाशी धनकंवर उभ्या होत्या. हात जोडून गेल्या.

२३ नोव्हेंबर

रेवा वरवंट्याला सोडत नाही. त्याला "भाऊ" म्हणते. सकाळी उठली की आधी ओट्यावर जाऊन त्याचं टोपडं सरळ करते. मी तिला सांगितलं, "रेवा, धिस इज अ स्टोन." ती म्हणाली, "हाऊ मन्हा भाऊ शे."

मी तिला इंग्लिश शिकवते आहे. ती भिकुबाईकडून अहिराणी शिकते आहे. भिकुबाई पुढे आहे.

काजलला थोडी काळजी वाटते. मी समजावलं, की येणाऱ्या बाळाची ही मानसिक तयारी आहे. परदेशात यासाठी बाहुल्या देतात. इथे वरवंटा. उलट टिकाऊ.

चटणी मिक्सरमधून. हे जेवताना म्हणाले, चव नाही. म्हटलं, नातीसाठी एवढं सोसा.

२६ नोव्हेंबर

मन मोठं करून ठरवलं, की दाराचा प्रश्न आहे तर गाडी परत करू. कंपनीला फोन केला. मुलीने विचारलं, सीटवर डाग आहे का? आहे, हिरवा. कशाचा? मी खोटं बोलत नाही. सांगितलं, ठेच्याचा. वरवंटा धुतला होता, तरी लसूण राहतो. ती म्हणाली, बाळ ठेचा खातं का? मी म्हटलं, बाळ अजून जन्मलेलं नाही. ती म्हणाली, डाग असल्यास परत घेतली जात नाही.

चला. म्हणजे निर्णय झाला. माझ्यावर कुणी घाई केल्याचा आरोप करू शकणार नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

मुलगा! दोघं छान. नाक ह्यांचं आहे, जाईल हळूहळू.

हातात घेतला आणि तीस-बत्तीस वर्षं कुठे गेली कळलं नाही. नवनीतलाही असाच घेतला होता, मुठी अशाच आवळलेल्या होत्या. वजनही अगदी... पण ती तुलना नको.

रेवाला दवाखान्यात आणलं. तिने नीट पाहिलं. मग विचारलं, "हाऊ पोऱ्या कोना शे?" म्हटलं, हा तुझा भाऊ. ती म्हणाली, भाऊ घरी आहे.

दोन दिवसांत ठीक होईल.

२२ डिसेंबर, सोमवार

बारसं. थोडी गडबड झाली.

माझ्या माहेरी बाळाआधी वरवंट्याला सजवून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात. मीच आग्रह धरला होता की इथेही तसंच करू. पण रेवा वरवंटा देईना. भाऊ पडेल म्हणे. शेवटी तह झाला: रेवा पाळण्याशेजारी उभी राहील, बायका वरवंटा फिरवतील, आणि नंतर तो पाळण्यात बाळाच्या पायाशी ठेवतील.

तसं केलं. नेमक्या त्याच वेळी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि सगळ्या बायका मोठ्याने म्हणाल्या, ईशान! रेवाने टाळ्या वाजवल्या, वरवंटा उचलला, "ईशान" म्हणून त्याचा पापा घेतला आणि त्याला गाडीत नेऊन बसवला.

तेव्हापासून ईशान म्हणजे वरवंटा. बाळाला ती "दुसरा" म्हणते. वाईट म्हणजे संध्याकाळी हेही म्हणाले, दुसरा रडतोय बघा.

नवनीतला बाजूला घेऊन सुचवलं, की अशा नाजूक मानसिक अवस्थेत रेवाला नव्या गावी नेणं बरं नाही. एखादं वर्ष थांबावं. तो म्हणाला, आई, वरवंटा तू दिलास.

मूळ मुद्दा त्याला कळला नाही.

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी

दोन्ही मुलांची पहिली रपेट. भिकुबाईचं म्हणणं, सव्वा महिन्याच्या आत उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हटलं, कोपऱ्यापर्यंत. नवनीत सुरतहून आला होता, तोही बरोबर. माझी इस्त्रीची साडी. छत्रीही घेतली. काळी.

ठरलं होतं: डावीकडे रेवा, उजवीकडे बाळ. रेवा किंचाळली, "हाई ईशाननी जागा शे!" बाळाला तिच्या जागी ठेवू म्हटलं तर ती स्वतःच्याही जागेवरून उठेना. म्हणून डावीकडे रेवा, उजवीकडे वरवंटा, बाळ काजलच्या हातात. गाडी मी ढकलली. आयुष्यभराची इच्छा. भिंतीवर बसलेली फिलोमिना दिसल्यासारखी झाली.

कोपऱ्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. गल्लीत गाडी आडवी मावत होती, पण मग दुसरं काही मावत नव्हतं. मागे जाताना चाक गटाराच्या जाळीत अडकलं. ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "माय, हाई गाडीनं लायसन शे का?" गल्ली हसली. नवनीतही हसला, ते मी लक्षात ठेवलं आहे.

रेवा घाबरून रडायला लागली, नवनीतने तिला कडेवर घेतलं. बाळ काजलकडे. दोघं पुढे चालत घरी गेले, अगदी आरामात. मी आणि वरवंटा मागून गाडीने आलो.

निष्कर्ष: दोन सीटची गाडी हवीच होती. एक सीट असती तर वरवंट्याला चालत यावं लागलं असतं.

११ जानेवारी, रविवार

नवनीतने सुरतच्या फ्लॅटच्या लिफ्टचं माप सांगितलं. गाडी तिच्यात जाणार नाही. मजला चौथा.

मनात म्हटलं, झालं. मोठ्याने फक्त एवढंच म्हणाले, अरेरे, मग आता कसं करणार रे तुम्ही?

तो म्हणाला, गाडी इथेच राहू दे, आम्ही जातो.

एवढा शिकलेला मुलगा, पण विचार करायची ही काय पद्धत.

काजल नंतर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आई, तुम्हीच चला ना आमच्याबरोबर, मला एकटीला दोन होणार नाहीत. मी हसले. म्हटलं, एक कडेवर, एक हाताला धरून. तूच म्हणालीस ना. तिने मान खाली घातली. मी असं बोलायला नको होतं. पण गाडी इथे आहे. मी कशी जाणार?

२५ जानेवारी, रविवार

गेले.

मी अजिबात रडले नाही. भिकुबाई मिरच्या निवडत होती, मी शेजारी बसले होते. डोळ्यांत तिखट गेलं. हे म्हणाले, मग भिकुबाईच्या का नाही गेलं.

निघताना रेवा गाडीपाशी आली. मला वाटलं, आता सोडणार नाही, आता तरी रडून सगळ्यांना थांबवेल. तिने पट्टा सोडला, वरवंटा छातीशी धरला आणि मोटारीत जाऊन बसली. नवनीतने त्याला सीटबेल्ट लावून दिला. बाळ काजलच्या मांडीवर. काचेतून रेवा म्हणाली, "मोठीमाय, टाटा कर. ईशान करी ऱ्हायना."

मी दोन्ही ईशानांना टाटा केलं.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन ऐकू आलं. गाडी ओट्यावर. दोन्ही सीट रिकाम्या. सावलीत सरकवायची होती, पण रिकामी हलवायची नसते. मी मानत नाही. पण बाळ लहान आहे आणि सुरतेत भिकुबाई नाही.

ऊन गाडीवरच राहिलं.

२९ जानेवारी

काजलचा फोन. बाळ बरं आहे, रात्री उठतं. रेवा वरवंटा कुशीत घेऊन झोपते. मी म्हटलं, तो परत पाठवायची घाई नको. काजल म्हणाली, आई, तुम्ही येता का सांगा. मी म्हटलं, बघते. इथे बरीच कामं आहेत.

कामं आठवली नाहीत. उद्या आठवतील.

हे म्हणाले, चटणी? मी म्हटलं, पाटा आहे, वरवंटा नाही. ते म्हणाले, मग पाटा तरी कशाला ठेवला आहे उगाच.

३० जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी

फिरायची वेळ झाली. इस्त्रीची साडी नेसले. ह्यांना सोफ्यावरून उठवलं. दोघांनी मिळून पाटा उचलून गाडीत ठेवला, दोन्ही सीटवर आडवा बसतो. पट्टे लावले.

कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. हे शेजारून चालले. ट्रॅक्टर आला नाही.

परतताना धनकंवरनी फाटकातून वाकून पाहिलं. विचारलं, बहनजी, आज आत कोण?

मी सांगितलं, पाटा आहे. वरवंटा सुरतला असतो. होळीला येणार आहे.