साहेबांची हॅटट्रिक

आबा, काल मी पिंपरीला गेले होते, तुमच्या जुन्या कारखान्याच्या समारंभाला. जुन्या कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं. हॉलच्या भिंतीवर मॅनेजरसाहेबांचा फोटो हा एवढा मोठा करून लावलेला: पांढरी अर्धी चड्डी, गळ्यात झेंडूचा हार, पायाखाली चेंडू. माइकवरचा तरुण पोरगा सांगत होता, की छप्पन सालच्या ज्या हिवाळ्यात आपल्या देशाच्या फुटबॉल संघाच्या सेंटर फॉरवर्डने मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक केली, त्याच हिवाळ्यात आपल्या साहेबांनीही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोच्या कडेला मातीने माखलेलं एक कोपर दिसतं. ते तुमचं आहे.

मेलबर्नची बातमी आली तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही कोल्हापूरचे, तालमीच्या फुटबॉल संघात गोलात उभं राहून वाढलेले. पोटासाठी इकडे आलात तरी सुट्टीच्या दिवशी कारखान्यामागच्या माळावर कामगारांच्या संघाचे गोली तुम्हीच. त्या दिवशी चहाच्या हॉटेलातून पेपर मागून आणलात आणि आई भाकरी थापत होती तिथे चुलीपाशी उकिडवे बसून मोठ्याने वाचलात. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात हरवलं, आणि आपल्या एकट्या गड्याने तीन गोल मारले. ऑलिम्पिकमध्ये आशियातल्या कुणाला हे आधी जमलं नव्हतं. आईने विचारलं, "म्हंजे लई मोठं हाय व्हय?" तुम्ही म्हणालात, "अगं, मागच्या ऑलिम्पिकात आपणच दहा गोल खाल्लं हुतं. त्यो आपला गोली कुठल्या तोंडानं घरला आला आसंल, ह्याचाच इचार करतुया मी." मग बराच वेळ तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या गोलीबद्दलच बोलत राहिलात. त्यानं जीव टाकून अडवलं असणार, म्हणून तर त्या तिन्ही गोलांना किंमत, असं तुमचं म्हणणं. सगळा देश खूश होता, आणि तुम्ही हरलेल्या गोऱ्या गोलीची कड घेत होता.

आपण तेव्हा पत्र्याच्या खोलीत राहायचो. तुम्ही बदली कामगार. बोलावलं तर काम, नाहीतर घरी. कायम झालात तर कॉलनीत खोली मिळणार होती, आणि कुणाला कायम करायचं ते मॅनेजरसाहेबांच्या हातात. त्याच आठवड्यात तुमचा फोरमन घरी आला. आईने चहा दिला, तो त्याने बशीत ओतून सावकाश फुरकला आणि म्हणाला, "साहेबांना हौस आलीय. रविवारी ऑफिसर विरुद्ध कामगार मॅच लावलीय. मेलबर्नला झालं तसं आपल्या माळावर व्हायला पाहिजे म्हणतात."

"मंग मारू देत की. मी कुठं आडवं आलुया?"

"तू गोलात उभा राहतोस तेच आडवं येतंय. तीन सोड. तेवढंच."

"आनि न्हाई सोडलं तर?"

फोरमनने पत्र्याकडे वर बघितलं, मग माझ्याकडे. "राव, तुला पोरगी आहे," एवढंच बोलून तो उठला. बशीच्या कडेला त्याच्या मिशीचा एक केस चिकटला होता. ती बशी मी राखेने घासली आणि तरी पुढे कधी तिच्यातून चहा प्यायले नाही.

रविवारी अख्खा कारखाना माळावर. खुर्च्यांवर ऑफिसरांच्या बायका, आम्ही बायकापोरं गवतात. साहेब धावायचे म्हणजे पोट पुढे आणि ते मागे. पहिला चेंडू घरंगळत आला आणि तुम्ही उलट्या बाजूला झेपावलात. दुसऱ्याला तुम्ही जागेवरून हललाच नाहीत. माझ्या शेजारची बाई पदराआड हसत होती. तिसऱ्या वेळी साहेबांची लाथच नीट बसली नाही. चेंडू चुन्याच्या रेघेच्या अलीकडे येऊन थांबला. आबा, तो थांबला होता! सगळ्यांनी बघितलं. आणि तुम्ही त्याच्यावर पालथे पडलात, अडवल्यासारखे, आणि कोपराने त्याला आत ढकललात.

खुर्च्यांवरून टाळ्या सुरू झाल्या, आणि त्यांच्यामागून आपल्या लोकांनीही वाजवल्या. तुमच्याबरोबर डबा खाणाऱ्यांनी. त्याची मला जास्त शिसारी आली. साहेबांनी जवळ येऊन तुमच्या गालावर थोपटलं, बैलाला थोपटतात तसं. पेढे वाटले. मी माझा पेढा मातीत टाकला, तर आईने तो उचलला, फुंकला आणि माझ्या तोंडात कोंबला. "गिळ," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी आल्यावर मी तुम्हाला विचारलं, "किळस नाही आली?" तुम्ही कोपरावरची माती धूत होता. म्हणालात, "आली की. पन उन्हाळ्यात तुमी दोघी ह्या पत्र्याखाली भाजून निघता, ते बघायची त्याहून जास्त येती."

तुम्ही कायम झालात. आणि पुढची मॅच दुसऱ्या कारखान्याशी होती, तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच सांगितलं, "भाऊ, आता तुझा भरवसा न्हाई." तुम्ही गोलाच्या मागे उभे राहून चेंडू आणून देत होता. साहेब मात्र वर्षानुवर्षं प्रत्येक समारंभात तुम्हाला स्टेजवर बोलवायचे. "हाच तो गोली! वाघासारखा उडायचा, तरी तीन गेले!" आणि तुम्ही म्हणायचा, "व्हय साहेब." साहेब रिटायर होईपर्यंत.

काल त्या माइकवाल्या पोराला मी बाजूला घेऊन सांगितलं, की तिसरा गोल माझ्या वडिलांनी ढकलला होता. तो हसला. "काय आजी, मस्करी करता," म्हणाला आणि माझ्या हातात नाश्त्याची प्लेट दिली. आता देशाच्या हॅटट्रिकांचा विषय कुठेही निघाला, की मारणाऱ्याचं नाव सगळे सांगतात. मेलबर्नच्या त्या गोलीचं नाव मी कितीजणांना विचारलं. कुणालाच माहीत नाही.

हे लिहून झालं की चुरगाळून टाकणार आहे, म्हणून एवढं सांगते. कॉलनीतल्या त्या खोलीचीसुद्धा मला घाण वाटते असं मी आयुष्यभर म्हणत आले. पण तिथल्या पहिल्या उन्हाळ्यात मी भर दुपारी विटांच्या भिंतीला गाल लावून पडायचे. भिंत गार असायची. फार बरं वाटायचं, आबा.