राखुंडीच्या गळ्यातली घंटी

बंगळूर,
रविवार, ता. १९ नोव्हेंबर १९६१

चि. सौ. अलकास,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळी तिकडे सांगलीत खुशाल असाल. उमाकांतरावांना नमस्कार, मुलांना पापा.

इकडे माझी प्रकृती ठीक आहे. थंडी पडू लागली. सकाळी सायकलवरून कारखान्यात जाताना कानाला मफलर गुंडाळावा लागतो. सोमवारी कँटीनच्या जेवणावरून फाटकासमोर सभा झाली. मी बोललो नाही, युनियनमधला देवाप्पा बोलला. लोक 'अण्णा, स्वल्प माताड्री' म्हणून मागे लागले होते, थोडं तरी बोला म्हणून. घसा बसलाय असं सांगितलं. घसा ठणठणीत आहे.

मागच्या पेरूला यंदा फळ बरं धरलंय. गंगव्वा आईसाठी रोज दोन-चार काढून ठेवायची, अजून ठेवते. आई गेली तरी तिची सवय मोडलेली नाही. दुपारी परसातल्या आपल्या खोलीतून येते, आईच्या खाटेशी भिंतीला टेकून बसते आणि तिथेच तांदूळ निवडते. खाट काढू का असं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे नुसतं पाहिलं.

राखुंडी बरी आहे.

तिच्याबद्दल ऐकायची तुझी इच्छा नसेल. पण हे पत्र तिच्याबद्दलच आहे. परवा उमाकांतरावांचं कार्ड आलं. तू शिवणाचा क्लास बंद केलास, मशीनवर चादर टाकून ठेवलीस, हे त्यांनी लिहिलं. मुलांच्या गणवेशाची एक शिवण तू तीन-तीनदा उसवतेस, बोटांनी ओढून बघतेस आणि परत घालतेस, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'अण्णा, तुमचं ती ऐकते. चार समजुतीचे शब्द लिहा.'

समजुतीचे शब्द मला येतात. आयुष्यभर तेच केलं. कालपासून तीन कागद लिहिले, तिन्ही फाडले, कारण तिन्ही छान झाले होते.

तुला ठाऊक आहे तेच आधी लिहितो. क्रमाने गेल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मे महिन्यात तू आलीस तेव्हा आईच्या दोन्ही डोळ्यांचं जवळजवळ संपलंच होतं. एकाची शस्त्रक्रिया फसली, दुसऱ्याला काचबिंदू. घरात ती पायाने चाचपत चालायची आणि राखुंडी, मांजरच ते, तिच्याच पायांत घोटाळायची. तुझ्यादेखत एकदा आई पडता पडता वाचली. तू त्याच दिवशी चिकपेटेत जाऊन पितळेची घंटी आणलीस. आईच्या जुन्या चोळीतला तांबड्या खणाचा तुकडा घेऊन पट्टा केलास. राखुंडीला मांडीवर दाबून धरलं आणि पट्ट्याची दोन्ही टोकं तिच्या गळ्यावरच शिवून टाकलीस. तिने तुला ओरबाडलं. आई हसत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, 'आता हिचं येणंजाणं दिसतंय बघ मला.' ऐकू येतंय म्हणाली नाही, दिसतंय म्हणाली.

तू गेल्यानंतरचं तुला ठाऊक नाही. तुझ्या घंटीने आईची चाल बदलली. तिने चाचपणं सोडलं. न्हाणीघराच्या पायरीशी ती थांबायची, कान द्यायची, बंबाजवळ घंटी वाजली तर 'हाल ग' म्हणायची, आणि वाजली नाही तर सरळ पाऊल टाकायची. सत्तरीची बाई पुन्हा घरात चालू लागली. मी ते रोज पाहत होतो. मला आवडत होतं.

ऑगस्टमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या रविवार सकाळच्या वादविवादाला विषय हवा होता. दर महिन्याला तेच ते, भाषावार प्रांतरचना आणि स्त्रीशिक्षण, म्हणून या खेपेस कुणीतरी गमतीचा सुचवला. पाळीव मांजराच्या गळ्यात घंटा असावी की नसावी. घंटेच्या बाजूने नंदकिशोर उभा राहिला. तो पुण्याहून आलेला, संशोधन संस्थेत आहे, हुशार आहे, जिभेला धार आहे. विरुद्ध बाजूने मी.

नंदकिशोर साधं बोलला. त्याच्या अंगणातल्या बुलबुलाच्या घरट्याबद्दल बोलला. घंटा मांजरासाठी नसतेच, ती ज्याला मांजर दिसत नाही त्याच्यासाठी असते, असं म्हणाला. अलका, हे वाक्य त्याने पाखरांबद्दल उच्चारलं आणि मी समोर खुर्चीवर बसून ऐकलं. मला आई आठवली. मनात म्हटलं, हा मुद्दा खोडायला अवघड आहे. आणि लगेच तो कसा खोडायचा याचा विचार करू लागलो.

मग मी उठलो. तू मला लहानपणापासून ऐकलं आहेस, तेव्हा तुला कल्पना येईल. रोममधल्या गुलामांच्या गळ्यातल्या लोखंडी पट्ट्यांपासून सुरुवात केली. आपल्याच देशात माणसांनी माणसांच्या गळ्यात मडकी अडकवली, तेही सांगितलं. गमतीचा विषय कधीच मागे पडला होता. म्हटलं, ज्याला दुसऱ्याच्या पावलांची भीती वाटते तोच त्याच्या गळ्यात घंटा बांधतो. म्हटलं, घंटा ही भित्र्या मालकाची सोय आहे आणि सोयीला दया म्हणणं हा जगातला सर्वांत जुना खोटेपणा आहे. लोक बाकांवरून उठले. मला स्वतःला काटा आला. मी जे बोललो त्यावर माझा पूर्ण विश्वास होता, त्या क्षणी आणि नंतरही पुष्कळ दिवस.

आईबद्दल मी त्या सभेत एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर हरलो असतो.

जिन्यात नागोजी भेटला. आमच्या युनियनचा चिटणीस, स्टोअरमध्ये असतो, तुला माहीत आहे. म्हणाला, 'अण्णा, आमच्या पणज्याच्या गळ्यातलं मडकं आज तुम्ही मांजराच्या गळ्यात घातलंत.' मी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हसला नाही, हात मात्र बाजूला केला.

खाली चपला घालताना नंदकिशोर म्हणाला, 'पद्माकरराव, तुमच्या घरच्या मांजराला घंटा आहे असं ऐकतो. दुपारी चहाला येतो, तुमची गुलाम बघायला.' सगळे हसले. मीही हसलो आणि ये म्हणालो.

घरी आलो. आईने जेवायला वाढून घेतलं होतं. जिंकलास का, असं तिने विचारलं. जिंकलो म्हणालो. कशावर होतं, विचारलं.

'स्वातंत्र्यावर.'

'मग जिंकणारच की तू,' आई म्हणाली.

जेवून ती आडवी झाली. मी दाढीचं पातं घेतलं, राखुंडीला मागच्या दारी नेलं आणि पट्टा कापला.

शिवण सुटली नव्हती, अलका. मी कापला.

मनात असं होतं की नंदकिशोर चहा पिऊन गेला की पुन्हा शिवून टाकू. तो आला, राखुंडीच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'हरलो बुवा, तुम्ही बोलता तसं वागता.' हे वाक्य मला फार गोड लागलं. ते ऐकल्यावर पट्टा पुन्हा बांधणं म्हणजे लबाडी वाटू लागली. पट्टा मी टेबलाच्या खणात ठेवला. कापताना गंगव्वाने पेरूखालून पाहिलं होतं.

आईला संध्याकाळीच कळलं. घंटी वाजंना का, म्हणाली. पडली असेल कुठेतरी, बघतो, असं सांगितलं. सोमवारी तिने परत विचारलं. ती पुन्हा पायाने चाचपत चालत होती आणि दोनदा दाराला आपटली. बघतो म्हणालो. मंगळवारी संध्याकाळी मी फाटकसभेचं भाषण लिहीत बसलो होतो. कामगारांच्या सुरक्षेवर, यंत्रांना जाळ्या नसतात त्यावर. आईने तिसऱ्यांदा विचारलं. मान वर न करता मी म्हणालो, 'बांधली.'

'वाजंना ती?'

'झोपली असेल.'

इतकंच. हे बोलणं गंगव्वालाही ठाऊक नाही. आईला ठाऊक होतं आणि मला.

बुधवारी सकाळी मी अंगणात आरसा टांगून दाढी करत होतो. आई तांब्या घेऊन न्हाणीघराकडे निघाली. पायरीशी थांबली. कान दिला. मी आरशात पाहत होतो. काहीच वाजलं नाही, म्हणून तिने सरळ पाऊल टाकलं. ते राखुंडीवर पडलं आणि आई पायरीवर कोसळली.

पुढचं तुला माहीत आहे. तार मिळताच तू आलीस. एकोणीस दिवस इस्पितळात होतीस, मी नव्हतो तितकी होतीस. आल्या दिवशी तू आईला घंटीचं विचारलंस. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. आई म्हणाली, 'पद्मूनं बांधली होती की परत. सुटली असंल.' माझं खोटं तिने तुला माझ्या बाजूची साक्ष म्हणून दिलं. तिने ते अगदी खरं मानलं होतं. मग तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी म्हणालो, शिवण कच्ची होती बहुतेक.

व्हरांड्यात तू भिंतीकडे तोंड करून रडलीस. 'अण्णा, मी दुहेरी दोरा घ्यायला हवा होता.' मी काय म्हणालो तुला आठवतं? 'जाऊ दे ग. मुद्दाम का केलंस.' आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तुला क्षमा केली. तेराव्याला तू मावशीला, मामींना, जो येईल त्याला तेच सांगत होतीस, माझा टाका, माझा टाका. मी पंगतीला पाणी वाढत होतो आणि ऐकत होतो. दहा हजार माणसांसमोर उभं राहून अधिकाऱ्यांना जाब विचारणारा माणूस सात-आठ नातेवाइकांसमोर तोंड उघडू शकला नाही.

तू गेल्यावर गंगव्वा एकदाच बोलली. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, 'अक्कांना बरीरी, अण्णा.' अक्कांना लिहा. नंतर रोज ती यायची, बसायची आणि माझ्याकडे बघायचीच नाही. त्याला आता दोन महिने होत आले.

मंडळाने डिसेंबरात पुन्हा बोलवलं आहे. एकदा वाटलं, तिथेच उभं राहावं आणि सगळं सांगावं. मग वाक्यं सुचू लागली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, तेसुद्धा सुचलं. तेव्हा लक्षात आलं की तिथे सांगितलं तर टाळ्या पडतील. म्हणून जाणार नाही. नागोजीकडे मात्र गेलो होतो. त्याला आईचं सांगितलं आणि त्या दिवशीच्या मडक्याबद्दल माफी मागितली. त्याने चहा दिला. शेवटी म्हणाला, बहिणीला कळवलंत का? नाही म्हणालो. मग आधी माझ्याकडे कशाला आलात, म्हणाला.

मांजराच्या गळ्यात घंटा असावी की नसावी, हे आज मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पट्ट्याखाली राखुंडीचे केस झिजले होते. तिथे आता नवे आले आहेत, म्हणजे माझ्या भाषणातलं थोडं खरं होतं. ती घरात फिरते आणि अजिबात वाजत नाही. मी वाचत बसलेला असताना एकदम पायाशी येते आणि मी दचकतो. सकाळी बंबाच्या राखेत जाऊन बसते. मी न्हाणीघराच्या पायरीशी थांबतो आणि खाली वाकून बघतो. मला डोळे आहेत, तरी वाकून बघतो.

या पाकिटात पट्टा घातला आहे, घंटीसकट. रजिस्टर करून पाठवतोय. पाकीट हातात आल्यावर वाजेल, घाबरू नकोस. त्याची मोकळी टोकं बघ. ती पात्याने कापलेली आहेत, एकही सूत निघालेलं नाही. मग पट्ट्याच्या बरोबर मधोमध बघ, जिथे तू राखुंडीच्या गळ्यावर दोन टोकं जोडली होतीस. तिथे तुझा टाका आहे. काल मी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला, पूर्ण जोर लावून. खण फाटायला आला, टाका हलला नाही. तूही ओढून बघ. उमाकांतरावांसमोर ओढ. मावशीला मी उद्या वेगळं पत्र लिहितोय, मामींनाही. त्यांना मी कापला एवढं लिहीन. मंगळवारचं फक्त तुला लिहिलं आहे. ते कुणाला सांगायचं असेल तर तू सांग.

मशीनवरची चादर काढ.

वर सवयीने आशीर्वाद लिहून गेलो. खोडला तर तुझ्या संसाराला अशुभ दिसेल म्हणून खोडत नाही. पण तो देण्याचा अधिकार माझ्याकडे उरला असं वाटत नाही. खाली 'अण्णा' असंही लिहीत नाही. ती हाक तुझी आहे, मारायची की नाही ते तूच ठरव.

आईने ज्याच्या शब्दावर पाऊल टाकलं तो,

पद्माकर